मोर्तेल्लाचा अर्धा बुरूज

कॉर्सिका बेटाच्या उत्तरेला, सां-फ्लोराँच्या आखाताच्या पश्चिम काठावर एक अर्धा बुरूज उभा आहे. अर्धा म्हणजे वरून ढासळलेला नव्हे, तर माथ्यापासून पायापर्यंत उभा चिरलेला. एक बाजू जागेवर आहे आणि दुसरीचे धोंडे खालच्या खडकांत विखुरले आहेत. उभ्या फोडलेल्या नारळासारखा तो दिसतो: जाड कवच, आत पोकळी आणि तळाशी पाण्याची जागा. या बुरुजात शिरावं लागत नाही. बाहेर उभं राहिलं की भिंतीची जाडी, आतली पोकळी, कमान जिथून उचलते ती जागा, सगळं उघड्यावर दिसतं.

सां-फ्लोराँहून लोतूच्या पुळणीवर पर्यटकांना नेणाऱ्या बोटी त्याच्या समोरून जातात. पायी जायचं तर किनाऱ्याकिनाऱ्याने वाट आहे. डाव्या हाताला कमरेएवढं ते डोक्याएवढं दाट झुडूप, ज्याला फ्रेंच लोक ‘माकी’ म्हणतात. त्यात रोझमेरी, रानटी मस्तकी आणि आपल्याकडे जिला विलायती मेंदी म्हणतात ती मोर्तेल्ला. बुरुजाला नाव मिळालं ते तिचंच. उन्हं चढली की या झुडपांचा वास इतका उग्र होतो की समुद्राचा वास येतच नाही. वाटेत सावली नाही. पाणी बरोबर न घेता निघालेले लोक परतताना भेटतात, ते चेहऱ्यावरून ओळखू येतात.

लष्करी इतिहासात या बुरुजाचं नाव मोठं आहे. ते १७९४च्या फेब्रुवारीतल्या मोजक्या दिवसांच्या तोफमाऱ्यामुळे. त्या माराला तो असा काही पुरून उरला, की हरवणाऱ्यांनीच त्याची नक्कल करून आपल्या किनाऱ्यांवर, आणि पुढे निम्म्या जगात, तसलेच बुरूज उभे केले. मला मात्र त्याआधीची सव्वादोनशे वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या काळात इथे फार काही घडलं नाही. दोन-चार माणसं गच्चीवर बसून समुद्राकडे बघत राहिली. ज्यांनी नक्कल केली त्यांनी भिंत उचलली, हे बघत बसणं मागेच राहिलं.

सोळाव्या शतकात भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर माणसांचा बाजार भरत होता. अल्जिअर्स, ट्यूनिस, त्रिपोलीचे चाचे ख्रिस्ती किनाऱ्यांवर उतरून गावंच्या गावं उचलत. माल्टाचे सरदार आणि जिनोव्हाची गलबतं उलट्या दिशेने तेच करत. १५४०मध्ये कॉर्सिकाच्या जिरोलाताच्या आखातात तुर्गुत, ज्याला युरोप द्रागुत म्हणून ओळखतो, बेसावध सापडला. जिनोव्हाच्या दोरिया घराण्यातल्या जानेत्तिनोने त्याला पकडलं आणि त्या काळच्या सर्वांत धडाडीच्या चाच्याला वल्ह्याला जुंपलं. काही वर्षांनी तुर्की आरमाराचा प्रमुख बार्बरोसा याने खंडणी भरून त्याला सोडवलं. दुसऱ्या बाजूचा ला व्हालेत, जो पुढे माल्टाच्या सरदारांचा प्रमुख झाला, त्यानेही १५४१च्या सुमारास चाच्यांच्या गलबतावर वल्ही मारली होती. कॉर्सिकातून लहानपणी पळवून नेलेला एक मुलगा तर १५५६मध्ये अल्जिअर्सचा सत्ताधीश झाला. त्याचं नाव हसन कोर्सो. नावातच गाव होतं. पण असं नशीब हजारांत एखाद्याचं. १५८३मध्ये बेटाच्या दक्षिणेकडलं सार्तेन लुटलं गेलं तेव्हा शेकडो माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक परतली नाहीत.

शतकाच्या पूर्वार्धात बेटाचा कारभार सांत जॉर्जो नावाच्या जिनोव्हाच्या बँकेकडे होता. एक बँक अख्खं बेट चालवत होती. कंपनी सरकार बघितलेल्या आपल्या देशाला त्यात नवल वाटायला नको. १५३०मध्ये बँकेने पाओलो बात्तिस्ता काल्व्हो आणि फ्रांचेस्को दोरिया या दोन आयुक्तांना पाहणीला धाडलं. त्यांच्या पाहणीनंतर किनाऱ्यावर बुरूज बांधायचा धडाका सुरू झाला, आणि १६२०च्या सुमारापर्यंत बेटाभोवती शंभरच्या आतबाहेर बुरुजांचं कडं उभं राहिलं. आज त्यांतले साठाहून जास्त कुठल्या ना कुठल्या अवस्थेत शिल्लक आहेत. हुकूम जिनोव्हाचा, गवंडीही बरेचदा तिकडचे. पैसे मात्र गावांचे, आणि चुनखडी, लाकूड, पाणी वाहणारी पाठही गावांचीच. कर वाढला म्हणून गावं कुरकुरत, आणि बुरूज नाही म्हणूनही कुरकुरत.

मोर्तेल्लाचा बुरूज १५६३–६४मध्ये जोव्हान पाओलो दा ताज्जा या जिनोव्हाच्या कर्नलच्या देखरेखीखाली झाला. सां-फ्लोराँच्या आखातात शिरणाऱ्या जहाजाला या टोकाला वळसा घालूनच यावं लागतं, म्हणून तो इथे. बांधणी इतर बुरुजांसारखीच, फक्त अंगाने जास्त भक्कम. तळाचा भाग जवळजवळ भरीव, त्यात पाण्याचं टाकं. गच्चीवर पडलेला पाऊस भिंतीतल्या नळीतून थेट टाक्यात उतरतो, म्हणजे वेढा पडला तरी विहिरीवर जायला नको. त्यावर एक घुमटाकार खोली, तेच घर, तेच कोठार, तीच झोपायची जागा. दार जमिनीपासून बरंच उंच, दीड-दोन पुरुष तरी. शिडी लावून चढायचं आणि आत शिरल्यावर शिडी वर ओढून घ्यायची. खोलीतून गच्चीवर जाणारा जिना भिंतीच्या जाडीतच कोरलेला, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. गच्चीला कठडा आणि कठड्याला खालून मारा रोखणाऱ्या जंग्या. काही बुरुजांवर पहारेकऱ्यापुरती एक छोटी आडोशाची खोपटीही असे. भूमध्य समुद्रातला वारा हिवाळ्यात जो झोंबतो, तो पाहता ती खोपटी बांधणाऱ्याला दुवाच दिला पाहिजे.

तिथे राहणाऱ्यांना ‘तोर्रेजानी’ म्हणत. आपल्या किल्ल्यांवरचे मेटकरी आठवावेत. एका बुरुजावर दोन ते सहा माणसं असत. नियम कडक होते. बुरूज रिकामा सोडायचा नाही. शिधा किंवा पगार आणायला जायचं तर एका वेळी एकानेच. सकाळी आणि संध्याकाळी गच्चीवर चढून समुद्र न्याहाळायचा, आणि कोळी, गुराखी, शेतकरी खालून विचारतील तेव्हा निघायला हरकत आहे की नाही ते सांगायचं. अनोळखी शीड दिसलं की दिवसा धूर, रात्री जाळ आणि मोठा शंख. कॉर्सिकात त्या शंखाला कुलोंबु म्हणतात. प्रत्येक बुरुजाला शेजारचे दोन तरी बुरूज दिसतील अशी जागा निवडलेली असे. एकाने जाळ केला की शेजारी जाळ करणार आणि तो बघून त्याचा शेजारी. काही तासांत बातमी बेटाला वळसा घाली. तोवर डोंगरावरच्या गावाने गुरं वर हाकलली, बायकापोरं चर्चमध्ये घेतली, की चाच्यांच्या हाती रिकामी घरं लागत.

म्हणजे हा बुरूज लढायला नव्हता. त्याच्याकडे असलीच तर एखाद-दुसरी लहान तोफ असे, आणि तिच्यासाठी दारू बरेचदा नसे. त्याची ताकद भिंतीत नव्हती, शेजाऱ्यात होती. एक बुरूज रिकामा पडला की दोन्हीकडचे बुरूज निम्मे आंधळे होत. म्हणूनच तोर्रेजानी जागेवर आहेत की नाहीत हे तपासायला निरीक्षक फिरत, आणि हे पहारेकरी बरेचदा जागेवर नसत. पगार तुटपुंजा आणि वेळेवर न येणारा. म्हणून कोणी खाली शेत कसत होता, कोणी मासे मारत होता, कोणी येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांशी बारीकसारीक व्यापार करत होता. मला यांचा राग येत नाही. कुठल्याही सरकारने वर्षानुवर्षं रिकाम्या क्षितिजाकडे बघण्याचे पैसे कुरकुरत दिले, तर माणूस खाली वांगी लावणारच.

कॉर्सिकाच्या बुरुजांच्या गोष्टींना तोटा नाही. कॅप कॉर्सवर डोंगराच्या माथ्यावर सेनेकाचा बुरूज आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका इसवी सन ४१ ते ४९ कॉर्सिकात हद्दपारीत होता हे खरं, पण तो बुरूज त्याच्यानंतर कित्येक शतकांनी झाला. दंतकथेला त्याचं काही नाही. नोन्झाची गोष्ट जास्त बहारीची आहे. हा बुरूज गोल नव्हे, चौकोनी, समुद्रावर लोंबणाऱ्या कड्यावर, आणि जिनोव्हाचा नव्हे, पास्क्वाले पाओलीच्या स्वतंत्र कॉर्सिकाचा. १७६८मध्ये जिनोव्हाने बेट फ्रान्सच्या हवाली केलं आणि फ्रेंच फौज उतरली. नोन्झातल्या शिबंदीने पळ काढला. मागे राहिला जाक कासेला नावाचा एक म्हातारा कप्तान. त्याने म्हणे बंदुका अशा मांडल्या की एकटाच सगळीकडून बार काढत राहिला. फ्रेंचांना वाटलं आत चांगली तुकडी आहे. शेवटी सन्मानाने बाहेर जाऊ देण्याच्या अटीवर त्याने बुरूज सोडला. फ्रेंच सैनिक सलामीला ताटकळत उभे, आणि दारातून कुबडीवर टेकत एकटा कासेला बाहेर आला. सेनापतीने विचारलं, तुझी फौज कुठे? तो म्हणाला, समोर उभी आहे. ही गोष्ट नोन्झात कुणीही सांगतं, आणि सांगणाऱ्यागणिक कासेलाचं वय वाढतं. पुढल्या वर्षी पोंते नोव्हूच्या लढाईत पाओली हरला, आणि त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १७६९ला, आजाक्सियोत नेपोलियन जन्मला.

आता मोर्तेल्लाकडे. १७९३मध्ये राज्यक्रांतीच्या फ्रान्सशी पाओलीचं फाटलं आणि त्याने इंग्रजांना बोलावलं. त्या वर्षीच्या सप्टेंबरात एका इंग्रज लढाऊ जहाजाने थोडी गोळाबारी करून हा बुरूज सहज घेतला आणि कॉर्सिकनांच्या ताब्यात दिला. त्यांच्याकडून तो पुन्हा फ्रेंचांकडे गेला. फेब्रुवारी १७९४मध्ये इंग्रज परतले तेव्हा त्यांना वाटलं, आधी झालं तसंच होईल.

८ फेब्रुवारीला दोन जहाजं बुरुजासमोर नांगरली: ७४ तोफांचं ‘फॉर्टिट्यूड’ आणि ३२ तोफांचं ‘जूनो’. बुरुजात तेहतीस माणसं आणि तीन तोफा, त्यांतल्या दोन अठरा पौंडी आणि एक सहा पौंडी. अडीच तास जहाजांनी मारा केला. बुरुजाच्या गोल भिंतीवर गोळा सरळ बसतच नाही. तो निसटून जातो. त्यात जहाज हलतं, तोफ हलते, नेम हलतो. बुरुजावरच्या तोफेला यातली एकही अडचण नाही. ती उंचावर आहे, स्थिर आहे आणि तिचं सावज जागचं हलत नाही. वर तिचे गोलंदाज गोळे भट्टीत लाल करून सोडत होते. लाकूड, डांबर आणि दारू यांनी भरलेल्या जहाजावर तापलेला गोळा म्हणजे काय, ते सांगायला नको. ‘फॉर्टिट्यूड’ला आग लागली, साठच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि जहाज मागे घ्यावं लागलं. बुरुजाला ओरखडेच पडले होते.

तो पडला जमिनीवरून. जनरल डेव्हिड डंडास आणि लेफ्टनंट कर्नल जॉन मूर यांच्या तुकडीने जवळच्या चढावर तोफा वर ओढून नेल्या आणि तिथून मारा सुरू केला. भिंत तेव्हाही फुटली नाही. पण गच्चीच्या कठड्याला आतून जुन्या दोरखंडांचा जाड थर लावला होता. दगडाच्या कपच्या उडून गोलंदाजांना लागू नयेत हा हेतू. इंग्रजांनीही गोळे लाल केले. एक गोळा त्या थरात रुतला, दोरखंडांनी पेट घेतला आणि गच्चीवर उभं राहणं अशक्य झालं. १० तारखेला तेहतीस जण बाहेर आले. त्यांतले दोघे पुढे जखमांनी मेले.

इंग्रज अधिकाऱ्यांनी बुरुजाची मापं घेऊन चित्र काढलं आणि कौतुकाने विलायतेला धाडलं. माझ्या मते घोटाळा इथे सुरू होतो. मोर्तेल्लाने शिकवलेला धडा दुहेरी होता: समुद्राकडून हा बुरूज घेता येत नाही, जमिनीकडून घेता येतो. पहिला अर्धा सगळ्यांनी पाठ केला.

नंतर दोन वर्षं कॉर्सिका इंग्रज राजाच्या छत्राखाली होतं. व्हाइसरॉय होते सर गिल्बर्ट एलियट. हेच पुढे लॉर्ड मिंटो म्हणून १८०७ ते १८१३ हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झाले. १७९६मध्ये स्पेन फ्रान्सला मिळालं आणि ऑक्टोबरात इंग्रजांनी बेट सोडलं. जाताना त्यांनी मोर्तेल्लाच्या पोटात सुरुंग लावला. जो बुरूज जहाजांना दाद देत नव्हता, त्याची निम्मी बाजू अशी एका स्फोटाने गेली. बोटीवरचा माणूस अजून त्याच्याकडे हात करून सांगतो की इंग्रजांनी उडवला. त्याच्या आधीच्या शतकांबद्दल विचारलं तर तो खांदे उडवतो.

१८०३पासून नेपोलियनची फौज बूलोन्यच्या किनाऱ्यावर इंग्लंडकडे तोंड करून बसली आणि विलायतेतल्या अधिकाऱ्यांना मोर्तेल्ला आठवला. किनारा सांभाळायला नेमलेले डंडास आणि मूर दोघेही कॉर्सिकात होतेच. २१ ऑक्टोबर १८०४ला रॉचेस्टर इथे पंतप्रधान पिट यांच्या उपस्थितीत बैठक झाली आणि बुरुजांची साखळी बांधायचं ठरलं. नाव तेच ठेवलं, फक्त कुणाच्या तरी लेखणीतून ते ‘मार्टेलो’ होऊन उतरलं. दक्षिण किनाऱ्यावर १८०५ ते १८०८मध्ये ७४ बुरूज झाले. पूर्व किनाऱ्यावर त्यानंतर २९. त्यांना आकडे न देता अक्षरं दिली, झेड संपलं तेव्हा एए, बीबी, सीसी. एकेक बुरूज लाखो विटांचा. रचना कॉर्सिकातलीच: खाली दारू आणि शिधा, मधे चोवीस शिपाई आणि एक अधिकारी, वर गच्चीत खुंट्यावर चारी दिशांना फिरणारी चोवीस पौंडी तोफ. दार उंचावर. भिंत समुद्राकडे तेरा फुटांपर्यंत जाड, जमिनीकडे सहा. जमिनीकडची बाजू पातळ! ज्या बाजूने मोर्तेल्ला पडला होता, नेमकी ती.

बांधकाम रंगात आलं तोवर नेपोलियन ऑस्ट्रियाकडे वळला होता आणि ट्रफाल्गरची आरमारी लढाईही होऊन गेली होती. या १०३ बुरुजांपैकी एकावरूनही चालून आलेल्या शत्रूवर गोळा सुटला नाही. काहींना खरं काम मिळालं ते लढाई संपल्यावर. फ्रान्समधून ब्रँडी आणि तंबाखू चोरून आणणाऱ्यांवर पाळत ठेवायला आरमाराने १८१७नंतर त्यांत माणसं ठेवली. म्हणजे शेवटी तेच, गच्चीवर बसून समुद्र बघणं. १८६०मध्ये ईस्टबोर्नजवळ आर्मस्ट्राँगच्या नव्या, नळीत आटे असलेल्या तोफांनी एका बुरुजावर मारा करून पाहिला, आणि विटांच्या भिंतीचे दिवस संपले हे तिथेच सिद्ध झालं. आयर्लंडमधल्या सँडिकोव्हच्या बुरुजात जेम्स जॉइस १९०४च्या सप्टेंबरात काही दिवस राहिला. त्याची ‘युलिसीस’ तिथेच सुरू होते, आणि आता तिथे त्याचं संग्रहालय आहे. साहित्यिकांना राहायला मिळालेली ही जागा लष्कराने त्यांच्यासाठी बांधली नव्हती, पण उपयोग वाईट झाला असं म्हणवत नाही.

रॉचेस्टरची ती बैठक भरली त्याच ऑक्टोबरात, हजारो मैलांवर, यशवंतराव होळकरांची फौज दिल्लीच्या तटाला भिडून परतली होती. ऑक्टरलोनी आणि बर्न यांनी तुटपुंज्या शिबंदीनिशी शहर राखलं, पण शहाजहानाबादचा तट किती कच्चा आहे हे इंग्रजांना कळून चुकलं. पुढल्या दशकांत त्यांनी तट डागडुजी करून बळकट केला आणि त्याच्या बाहेर सुटे मार्टेलो बुरूज उभारले. त्यांतला एक दर्यागंजमध्ये अन्सारी रोडजवळ अजून उभा आहे. समुद्रापासून इतक्या लांब, आजूबाजूला पुस्तकांच्या प्रकाशकांची दुकानं. मोर्तेल्लाचा हा दिल्लीचा नातू समुद्राशिवायच वाढला.

१८३०मध्ये फ्रान्सने अल्जिअर्स घेतलं आणि कॉर्सिकाच्या किनाऱ्यावर चाच्यांची वाट बघायचं कारण उरलं नाही. बुरुजांवरून माणसं उतरली. दगड कुणी घराला नेले, कुणी गोठ्याला. अलीकडे सरकार आणि गावं मिळून काहींची दुरुस्ती करतात. दक्षिणेतला काम्पोमोरोचा, चांदणीच्या आकाराच्या तटाचा मोठा बुरूज आत जाऊन बघता येतो, पोर्तोचा चौकोनी बुरूजही.

१८३०च्याच सुमाराला हिंदी महासागरात, मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावर, इंग्रज पुन्हा मार्टेलो बांधत होते. १८१०पासून बेट त्यांचं होतं, पण ऊसमळ्यांचे मालक फ्रेंच. गुलामगिरी बंद होणार ही बातमी आली तेव्हा मळेवाले चवताळले. १८३२मध्ये जॉन जेरेमी हा गुलामगिरीविरोधी वकील सरकारी नेमणुकीवर बेटावर उतरला तर शहरात दुकानं बंद, कामकाज बंद, आणि गव्हर्नरला त्याला परत पाठवावं लागलं. मळेवाले बंड करतील, बाहेरून फ्रेंच गलबतं मदतीला येतील, या धास्तीने पाच बुरूज बांधायला घेतले. काळ्या नदीच्या भागातला ला प्रेनझचा बुरूज त्यांतला. तिथे आता संग्रहालय आहे. कॉर्सिकात बुरूज गावाने गावासाठी बांधला होता आणि जिनोव्हाला तो हवा होता. इथे सरकारने आपल्याच प्रजेतल्या धनिकांच्या भीतीने बांधला.

बंड झालंच नाही. १ फेब्रुवारी १८३५ला मॉरिशसमधली गुलामगिरी संपली. मळेवाल्यांनी वीस लाख पौंडांहून जास्त नुकसानभरपाई खिशात घातली आणि उसासाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. कलकत्त्याहून, मद्रासहून, आणि मुंबई बंदरातून. मुंबईहून गेलेल्यांत कोकण आणि घाटावरची मराठी माणसं होती, आणि त्यांतली बरीच कुटुंबं स्थिरावली ती याच काळ्या नदी जिल्ह्यात. कॅस्केव्हेलला त्यांचं देऊळ आहे. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. पश्चिम किनाऱ्यावर ढोल-झांजा घेऊन विसर्जनाला जाणारी कुटुंबं गाड्या लावायला जागा शोधत असतात, आणि ला प्रेनझच्या गच्चीवरच्या तोफेचं तोंड अजून समुद्राकडेच आहे.